कोळीणबाईंची कात

लोणच्याला बुरशी का येते, कूलरच्या पाण्याला वास येऊ नये म्हणून काय करावं, सुती साड्यांना खळ किती दाट हवी, असल्या गोष्टी आपण या पानावर नेहमी बोलतो. आजचा विषय वाचून मात्र तुमच्यातल्या काही जणी ‘ई!’ म्हणून पान उलटतील. कृपा करून उलटू नका. माझ्या हातून झालेली एक चूक मला आज तुम्हाला सांगायची आहे, आणि ती कुठल्याही घरात होऊ शकते.

आमच्या घरात एक कोळी पाळलेला होता. माळ्यावर जळमटं करतो तो नव्हे. टॅरँट्युला म्हणतात तो केसाळ, जाडजूड कोळी. पाय पसरले की तळहात भरून जाईल एवढा!

२०२३ च्या दिवाळीत माझा धाकटा पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीला आला, तो हातात एक काचेची पेटी घेऊन. दारातच म्हणाला, “आई, आधी ओरडू नकोस हं.” पेटीत नारळाच्या काथ्याचा भुसा, एक खापराचा तुकडा, पाण्याची चिमुकली वाटी आणि कोपऱ्यात ते ध्यान. काळंभोर अंग आणि गुडघ्यागुडघ्याला शेंदरी पट्टे, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढलंय! मूळची मेक्सिकोची जात. मादी आहे म्हणाला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि त्याच क्षणी नाव ठेवलं, “कोळीणबाई!”

सुट्टी संपली, मुलगा गेला, कोळीणबाई राहिल्या. वसतिगृहात प्राणी ठेवायला परवानगी नव्हती, हे त्याला आधी माहीत नव्हतं म्हणे! जाताना म्हणाला, “फार काही करावं लागत नाही गं. आठवड्याला एक रातकिडा, वाटीत पाणी. हात लावू नकोस. बस्स.” रातकिड्यांचा डबाही ठेवून गेला. मीही ‘बरं’ म्हटलं. कुत्र्यामांजरासारखं फिरवायला नको, केस नकोत, आवाज नाही. डाळ निवडण्याइतकाही त्रास नाही, असं मला वाटलं.

आणि खरं सांगू? मला तिचा लळा लागला. दुपारी घर शांत झालं की मी पेटीजवळ बसायची. आमच्या मालेगावात शांतता ती केवढी! मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड अष्टौप्रहर चालूच. कोळ्याला कान नसतात. पायांवरच्या केसांनी त्याला जमिनीची, हवेची थरथर कळते. म्हणून पेटी त्या बाजूच्या भिंतीला टेकवायची नाही, एवढं मी माझ्या अकलेनं शिकले. माठाच्या तिवईशेजारी गार फरशीवर जाड सतरंजीची घडी आणि तिच्यावर पेटी. सासूबाई म्हणायच्या, “विणकरांच्या गावात आलीय, रमेल हो!”

२०२४ चा मे महिना आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, पारा ४३-४४ च्या खाली यायचं नाव घेत नाही. कोळीणबाईंनी खाणं सोडलं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. रंग मळकट झाला. मी मुलाला फोन केला, पण त्याची परीक्षा चालू होती. “खाईल गं,” म्हणून त्याने ठेवून दिला. मग एके रात्री तिने पेटीच्या तळाशी पांढऱ्या धाग्यांची चटई विणली. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “कोळीणबाईंनी अंथरूण घातलंय बघ.” आम्ही दोघी हसलो.

सकाळी पाहते तर त्या अंथरुणावर ती उताणी पडलेली. पाठ खाली, पाय वर पसरलेले, हालचाल नाही. मी पेटीला टिचकी मारली, काही नाही. पोटात धस्स झालं. हे म्हणाले, “उन्हानं गेली असणार. मुंग्या लागायच्या आत बाहेर काढ.” मी एका पुठ्ठ्यावर तिला अलगद घेतलं आणि परसात जास्वंदीच्या कुंडीतल्या मातीवर ठेवलं. दोन फुलं वाहिली. हसू नका, खरंच वाहिली.

दुपारी मुलाचा फोन आला. मी सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग त्याने विचारलं, “आई, ती उताणी होती का?”

“हो रे.”

“पाय मिटलेले की पसरलेले?”

“पसरलेले.”

“आई, ती मेली नव्हती. ती कात टाकत होती.”

मी अनवाणी परसात धावले. माती तापून निखारा झाली होती. कोळीणबाईंची पाठीकडची जुनी कातडी उकललेली होती, अर्धे पाय बाहेर आले होते, नवे, ओलसर. आणि मुंग्यांची रांग लागली होती. तिला वाचवायला मी आठ तास उशिरा आले होते.

मैत्रिणींनो, साप कात टाकतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत. कोळीही टाकतो, हे माहीत असतं तर? आपल्या अंगात हाडं असतात, कोळ्याचं हाड म्हणजे त्याचं वरचं कवच. अंग वाढलं की कवच अपुरं पडतं, लहान झालेल्या पोलक्यासारखं. मग तो आतून नवं कवच तयार करतो आणि जुनं उतरवतो. पिल्लं वर्षातून अनेकदा कात टाकतात. पूर्ण वाढलेली मादी साधारण वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्याआधी ती काही आठवडे, कधी काही महिनेही जेवत नाही, रंग उतरतो, धाग्यांचं अंथरूण घालते आणि त्यावर उताणी होते. मग काही तास निपचित. त्या वेळी तिला हलवायचं नाही, हात लावायचा नाही, पेटीत जिवंत किडा असेल तर तोही काढून घ्यायचा. कारण नव्या कातडीची कोळीण इतकी मऊ असते की रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो. तिचे विषाचे दातही मऊ, पांढरे असतात. ते घट्ट व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर खायला द्यायचं नाही.

आणि मरणाची खूण अगदी उलटी! कोळ्याचे पाय ताठ होतात ते अंगातल्या पाण्याच्या दाबाने. पाणी कमी पडलं, जीव थकला, की पाय पोटाखाली मुठीसारखे मिटतात आणि तो पालथाच बसून राहतो. म्हणजे उताणा आणि पसरलेला असेल तर थांबा. पालथा आणि मिटलेला असेल तर काळजी करा, पाण्याची उथळ वाटी तोंडाशी न्या आणि जाणकाराला विचारा. तरीही शंका असेल तर दोन दिवस काही करू नका. मेलेल्याला वास सुटतो, तेव्हा कळतंच. वाट पाहण्याने कुणाचं नुकसान होत नाही, घाईने मात्र होतं.

मुलगा माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “चूक माझी आहे. मी तुला सांगितलंच नाही.” आणि आजच्या लेखातलं खरं सांगणं मला इथेच करायचं आहे.

घरात प्राणी आणतो एक आणि सांभाळतो दुसरा. पोपट असो, मासे असोत, नाहीतर कोळी. आणणारा शाळेला, कॉलेजला, नोकरीला निघून जातो आणि पाण्याची वाटी येते घरच्या बाईच्या हातात. आपणही ‘एवढंसं काम’ म्हणून पदर खोचतो, विचारत काही नाही. मैत्रिणींनो, विचारा! प्राणी उंबऱ्याच्या आत येण्याआधी विचारा. हा खातो काय, आजारी कसा दिसतो, निरोगी कसा दिसतो, किती वर्षं जगतो, आणि तू नसताना काय काय होऊ शकतं? उत्तरं तोंडी नको, कागदावर लिहून घ्या आणि कागद पेटीवर चिकटवा. आपण औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावतो ना, तसाच.

‘किती वर्षं’ हा प्रश्न तर विचाराच. या मेक्सिकन जातीचा नर थोडी वर्षं जगतो, पण मादी वीस वर्षांच्या पुढेही जाते. म्हणजे मुलाचं लग्न होईल, सून येईल, नातवंडं शाळेत जातील, आणि कोळीणबाई आपल्या पेटीत असतील! ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या एका संशोधक बाईंनी १९७४ साली रानातल्या कोळ्यांची बिळं नोंदवायला सुरुवात केली. त्यातली १६ नंबरची मादी २०१६ मध्ये गेली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. तिची जात वेगळी, बीळ करून त्याला झाकण लावणारी. पण एवढ्याशा जिवाचं आयुष्य केवढं असू शकतं ते पाहा.

दुसरी गोष्ट कायद्याची. ही मला कोळीण गेल्यावर कळली, आणि कळली तेव्हा घाम फुटला. मुलाने ती कुणाकडून तरी घेतलेली, पावती नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ज्या परदेशी जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधन आहे, त्या जिवंत बाळगणाऱ्याने सरकारकडे नोंद करायची असते. त्यासाठी २०२४ मध्ये नियम झाले, अर्ज ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवायचं असतं. आमची शेंदरी गुडघ्यांची जात याच यादीतली. जुलै २०२१ मध्ये पोलंडहून टपालाने आलेलं एक पार्सल चेन्नईच्या कस्टमवाल्यांनी उघडलं, तर आत चिमुकल्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी! तेव्हा पोरगं ‘ऑनलाइन मागवतो’ म्हणालं की कान टवकारा.

आणि रानातून धरून आणणं तर नकोच नको. आंध्रातल्या गुट्टी गावाजवळ सापडलेला एक निळा कोळी आहे, मोरपिसासारखा सुंदर. १८९९ साली त्याची शास्त्रात नोंद झाली, मग शंभर वर्षं कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये जुन्या झाडांच्या ढोलीत पुन्हा सापडला, आणि परदेशातले हौशी लोक तो पाळू लागले. त्याचं जंगल जेमतेम एका तालुक्याच्या कोपऱ्याएवढं. २००८ पासून तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत गणला जातो. आपल्या सह्याद्रीतही टॅरँट्युला आहेत. मुलांनी ते पाहावेत, फोटो काढावेत आणि तिथेच सोडून यावेत. उलट, परदेशी कोळी नकोसा झाला म्हणून आपल्या रानात सोडणंही तितकंच वाईट.

इतकं सगळं ठरवून, नोंद करून घरात आलाच, तर एवढं लक्षात ठेवा:

१. पेटीच्या खोलीत झुरळाचा, डासाचा फवारा मारू नका. किड्याला मारतं ते कोळ्यालाही मारतं. घरातलं झुरळ धरूनही घालू नका. ते कुठलं औषध खाऊन आलंय, कोण जाणे!

२. पाणी रोज बदला. कूलरचा झोत आणि ऊन, दोन्ही पेटीवर थेट नको.

३. हातावर घेऊन मिरवू नका. कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं.

४. अमेरिकेकडच्या जाती मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतात. त्यांनी अंगाला खाज सुटते, डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो. पेटी साफ केल्यावर हात धुवा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. आपल्याकडच्या जातींना असे केस नसतात, पण त्यांचा चावा जास्त त्रासाचा.

५. झाकण रोज रात्री तपासा. हे काम एकाच माणसाचं ठरवा.

आता मुलगा शिकून नोकरीला लागला आहे. दुसरा कोळी आणू का, असं त्याने परवा विचारलं. मी म्हटलं, “तुझं स्वतःचं घर होऊ दे, मग आण. आणि मला सगळं लिहून दे.”

त्याचं कपाट आवरताना मला एक पत्र्याची डबी सापडली होती. आत कापसावर कोळीणबाई! आठही पाय, शेंदरी गुडघे, सगळं जागच्या जागी. दचकलेच मी. मग लक्षात आलं, ती तिची आधीची कात. वजनाला कांद्याच्या सालीएवढी. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “हे आधी दाखवलं असतं त्यानं, तर कळलं असतं गं आपल्याला.”

डबी मी फेकली नाही. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवली आहे. येणारीजाणारी विचारते, “हे काय हो?” मग मी तिला बसवते, चहा टाकते आणि सगळं सांगते. आज तुम्हाला सांगितलं.