झिजणारा सह्याद्री आणि आपली घाई
सह्याद्री हिमालयासारखा भूपट्टांच्या टकरीतून वर आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला आणि त्या फाटलेल्या काठाची झीज होत आजचे कडे उरले. डोंगर झिजणारच, मग दरडींचा दोष खोदकामाला का, असा आक्षेप घेतला जातो. पण कडा मागे सरकायला लाखो वर्षे लागतात. उताराचा पायथा यंत्राने कापायला एक उन्हाळा पुरतो. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इरशाळवाडी (२०२३) या तिन्ही दरडी जुलैच्या मुसळधार पावसात कोसळल्या. प्रत्येकीची कारणे वेगळी असतील, आणि पाऊस तर आपल्या हाती नाहीच. उताराची कापणी, पाण्याचा निचरा आणि घरांची जागा मात्र आहे. म्हणून भूवैज्ञानिक पाहणीशिवाय घाटात एकाही खोदकामाला परवानगी मिळता कामा नये.