जुन्या कर्जाचा दावा : कैफियत दाखल झालीच पाहिजे

मराठी वाचकाला तंजावर ठाऊक असते ते भोसले घराण्यामुळे, सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि तेथे जपलेल्या मोडी दप्तरांमुळे. परंतु त्याच तंजावर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आयुष्यावर आज ज्या कागदांची सत्ता चालते ते कागद बँकेच्या कपाटात आहेत. पापनाशमजवळच्या तिरुमंडंगुडी येथील तिरु आरूरान साखर कारखान्याच्या दारात ऊस उत्पादक शेतकऱ्यांनी ३० नोव्हेंबर २०२२ पासून धरणे धरले. वर्ष उलटले तरी ते उठले नाही. थकलेले उसाचे पैसे द्या, ही त्यांची एक मागणी होती. दुसरी मागणी अशी, की कारखान्याच्या जुन्या व्यवस्थापनाने आमच्या नावावर बँकांतून उचललेले कर्ज आमच्या माथ्यावरून उतरवा.

या दुसऱ्या मागणीचा अर्थ प्रत्येक पक्षसभासदाने नीट समजून घेतला पाहिजे. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की सह्या आमच्या घेतल्या, पैसा मात्र कारखान्याने वापरला. पुढे कारखाना बुडाला, नादारीच्या कारवाईत गेला आणि नव्या मालकाच्या हाती आला. नोटिसा मात्र शेतकऱ्यांच्या घरी आल्या. ऊस गेला, उसाचा दाम अडकला आणि वर न वापरलेल्या पैशाचे ऋणको ठरण्याची पाळी आली!

येथे कायद्याचा वर्गीय चेहरा स्पष्ट दिसतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली, की तिच्यात समाविष्ट नसलेले जुने दावे संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. नव्या मालकाला कोरी पाटी मिळते. एवढेच नव्हे, तर मुदतीचा कायदा या कारवायांनाही लागू आहे हे २०१८ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केल्यापासून बड्या कंपन्यांचे नामांकित वकील ‘धनकोचा अर्ज मुदतबाह्य आहे’ हा बचाव उजळ माथ्याने मांडत आले आहेत. त्यांना कोणी बेइमान म्हणत नाही. परंतु तोच बचाव एखाद्या कुळाने किंवा शेतमजूर स्त्रीने मांडला, की तिला नीतीचे पाठ दिले जातात. घेतलेले फेडावे, ही कष्टकऱ्याची नीती आहेच. सावकारशाही तिच्याच आधाराने जगते. प्रश्न आहे तो काय घेतले, कोणी घेतले, किती फेडले आणि मागण्याचा हक्क अजून उरला आहे काय, हा. हे प्रश्न विचारणे म्हणजे बेइमानी नव्हे. तो ऋणकोचा हक्क आहे.

महाराष्ट्राने हा धडा रक्ताने शिकलेला आहे. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. सावकाराने त्याचेच हत्यार केले. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि अंगठा उठवायचा, असा परिपाठ पडला. दावा लागला तर रयत कोर्टात जात नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी हेच रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायाधीशावर रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचे बंधन घातले. परकी सत्तेलाही हे करावे लागले, ते दयेपोटी नव्हे; उठावाच्या धाकाने.

आज रोखा छापील झाला आहे, डाव जुनाच आहे. म्हणून आपल्या कार्यकर्त्याला काही गोष्टी तोंडपाठ असल्या पाहिजेत. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विनातारण उसन्या रकमेचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत आणावा लागतो. मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीची तीन वर्षे तिच्या तारखेपासून मोजली जातात, तर हप्त्यांचे कर्ज असेल तर हप्ता केव्हा देय झाला हे पाहावे लागते. परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी कर्ज कबूल केले, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद दिली, की तीन वर्षांचा काळ नव्याने सुरू होतो. मुदत संपल्यावरही ‘मी हे देणे फेडीन’ असे लिहून सही दिली, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार मेलेले देणे पुन्हा उभे राहते. वसुलीचा माणूस ‘पाचशे तरी भरा, इथे सही करा’ असे गोड बोलून का सांगतो, याचे मर्म येथे आहे. कागद वाचून दाखविल्याखेरीज आणि संघटनेला विचारल्याखेरीज सही नको, अंगठा नको.

दावा मुदतबाह्य असेल, तर प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी तो फेटाळणे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे कायद्याचे कलम ३ सांगते. पण प्रतिवादीच हजर नसेल, तर सहीची आणि भरण्याची खोटी तारीख उघडी पाडणार कोण? म्हणून समन्स आले की ते दडवून ठेवणे हा आत्मघात आहे. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत दाखल करावी लागते. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. वचनचिठ्ठीवरचा संक्षिप्त दावा असेल, तर दहा दिवसांतच हजेरी द्यावी लागते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्यासाठी तीस दिवसांचा अवधी असतो, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. हे दिवस गेले, की बारा वर्षे दरखास्तीची टांगती तलवार राहते.

‘मला पैसे मिळाले नाहीत’ एवढेच म्हणून भागत नाही. सही मान्य असेल, तर मोबदला मिळाला असे कायदा गृहीत धरतो, आणि उलट सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर येतो. म्हणून बँकेकडे मूळ कागद आणि संपूर्ण खातेउतारा मागितला पाहिजे. रक्कम कोणाच्या खात्यात गेली, हप्ते कोणाच्या उसातून कापले, याची छाननी झाली पाहिजे. लोकन्यायालयात तडजोडीवर केलेली सही हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, हेही सांगितले पाहिजे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. तुरुंगाच्या धमकीला भिण्याचे कारण नाही. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असा निर्णय न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली दिला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. शेतकऱ्याची अवजारे, नांगराचे बैल आणि बियाणे यांना जप्तीपासून संरक्षण आहे.

तथापि न्यायालयाविषयी भ्रम नको. कर्ज ज्या व्यवस्थेतून जन्मते ती व्यवस्था एका कैफियतीने बदलत नाही. देणे खरे आणि मुदतीतले असेल, तर कैफियत ते पुसूही शकत नाही. तेथे कर्जमुक्तीचा आणि रास्त भावाचा लढाच हवा. तंजावरने हे देशाला दाखविले आहे. कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या नेत्यांनी पूर्व तंजावरच्या पण्णैयाळांना, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याला बांधलेल्या शेतगड्यांना, लाल बावट्याखाली संघटित केले, तेव्हा १९५२ चा संरक्षण कायदा आला. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्जच रद्द केले आणि त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात आणण्यास बंदी केली. ज्या देण्याला पिढ्यान्‌पिढ्या धर्म मानले गेले, ते कायद्याच्या पुस्तकातून नाहीसे झाले. संघर्षाखेरीज हे घडले नसते.

मराठवाड्यातील, विदर्भातील, सीमाभागातील आपल्या प्रत्येक शाखेपुढे हाच प्रश्न उभा आहे. बचतगटाचे, सूक्ष्मवित्ताचे, कारखान्याच्या हमीचे कर्ज गावोगाव आहे, आणि समन्स आल्यावर शेजाऱ्यालाही न सांगणारी घरे गावोगाव आहेत. ही लाज ऋणकोला एकटे पाडते, आणि एकट्या माणसाविरुद्ध हुकूमनामा मिळविणे सर्वांत सोपे असते. म्हणून शाखेने गावातील समन्सांची नोंद ठेवावी, तारखेला कार्यकर्ता सोबत पाठवावा, पक्षाच्या वकिलांनी कैफियती तयार कराव्यात, आणि कोर्टात जे उघड होईल ते सभेत मांडावे. तिरुमंडंगुडीच्या शेतकऱ्यांनी आपल्या नावावरच्या कर्जाची लाज न बाळगता कारखान्याच्या दारातच हिशेब मागितला. तोच हिशेब आपणही मागितला पाहिजे, रस्त्यावर आणि न्यायालयातही.