शाळेची बस आणि ‘रिकॉल’

स्टीअरिंगमध्ये कारखान्यातलाच दोष निघाला, तर कंपनी तशा गाड्या परत बोलावते. याला ‘रिकॉल’ म्हणतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारलाही तसा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे.

पण कंपनीचा निरोप बसमालकाला जातो, पालकांना नाही. बस विकली गेली असेल, तर तो जुन्या मालकाकडेच राहू शकतो.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. त्याच्यामार्फत विचारा: चॅसिस नंबर देऊन कंपनीकडे चौकशी केली का? दुरुस्तीचा कागद कुठे आहे?

आणि चालक म्हणाला, ‘स्टीअरिंग एका बाजूला ओढतंय’, तर बस तिथेच थांबू द्या. शाळेला उशीर झाला तरी चालेल.