ढाळजेतील छत्रीस्टँड

मृगाचा पहिला पाऊस आला की शहागंजात दरवर्षीचे दृश्य दिसते. घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीची गर्दी क्षणात दुकानांच्या पायऱ्यांवर चढते, माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात आणि संध्याकाळी घराघरांच्या दारात एकच प्रश्न उभा राहतो : ही गळणारी छत्री ठेवायची कुठे? आपल्या जुन्या वाड्यांना हा प्रश्न पडत नसे. दिंडी दरवाजातून आत आले की ढाळज लागे. तिथे खाली शहाबादी फरशी आणि भिंतीत सागवानी खुंट्या असत. छत्री खुंटीला अडकवली की तिचे पाणी फरशीवर निथळून जाई. सिडको किंवा गारखेड्यातील सदनिकेत मात्र दार उघडताच गुळगुळीत टाईल सुरू होते आणि दोन हातांच्या जागेत चपला, छत्र्या आणि पाहुणे यांची दाटी होते. म्हणूनच हल्ली अनेक घरांत जुन्या धाटणीचा छत्रीस्टँड दिसू लागला आहे. तो घेताना काय पाहावे, याविषयी या वेळी लिहायचे ठरवले, त्यालाही एक निमित्त घडले.

गेल्या आषाढात एका परिचित कुटुंबाच्या नव्या घरी गेले होते. दारातच झळझळीत, नक्षीदार पितळी स्टँड होता. सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "मावशी, शंभर वर्षांचा आहे. मुंबईहून आणलाय." तासाभराने निघताना पाहिले, तर स्टँडखाली तांबूस पाण्याचे वर्तुळ उमटलेले. वरचे पितळ म्हणजे नुसता मुलामा होता; खालचे लोखंडी बूड गंजून गळत होते. सोफ्यावर बसलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "आपल्या शहागंजच्या पेढीवर बिडाचा स्टँड होता. माझ्या वडिलांच्या वेळचा. वाडा रिकामा करताना तुम्हीच तो किलोच्या भावाने भंगारात घातला." यावर कोणी काही बोलले नाही. जे आपण वजनावर विकले, त्याचीच नक्कल आपण नगावर विकत घेतली, हे सर्वांच्याच लक्षात आले होते.

छत्रीस्टँड ही वस्तू मुळात आपली नव्हे. १८५२ मध्ये इंग्लंडच्या सॅम्युएल फॉक्स यांनी पोलादी काड्यांची हलकी छत्री आणली. छत्री घरोघरी पोहोचली, तशी तिला दाराशी जागा लागू लागली. कोलब्रुकडेलसारख्या ओतशाळांनी बिडाचे नक्षीदार स्टँड घडवले. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे स्टँड केले. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोल पाठीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. चीन-जपानकडून उंच नळकांड्यांच्या आकाराची चिनी मातीची भांडी आली. आपले शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत छत्रीच्या शेजारी हातातली काठीही असे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील काठ्यांचे दालन पाहिले की त्या हौसेची कल्पना येते. १९०० च्या सुमारास मनमाडहून रेल्वे आली आणि अशा वस्तू मुंबईहून इकडे आणणे सोपे झाले.

आता पारख. आपण व्यापारी माणसे. सोने कसोटीला लावल्याखेरीज घेत नाही, मग पितळच डोळे झाकून का घ्यावे? खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. शुद्ध पितळाला आणि तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे. स्टँड उलटा करून बूड पाहावे, कारण विक्रेता तोंड चमकवतो, बुडाकडे त्याचे लक्ष नसते. खऱ्या जुन्या वस्तूची झीज हात आणि छत्री लागणाऱ्या जागीच असते. सगळीकडे सारखा काळेपणा असेल, तर तो बहुधा मुद्दाम आणलेला असतो. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच दिसली तर सावध व्हावे. तो फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा आहे. दुरुस्तीत एखादा बदललेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर शंभर वर्षांची गोष्ट खोटी. ब्रिटिश बिडाच्या वस्तूंवर कधी चौकटच्या आकाराचे नोंदणीचिन्ह आढळते. ते १८४२ ते १८८३ या काळातले असते. १८८४ पासून त्याच्या जागी नोंदणी क्रमांक येऊ लागला.

बिडाच्या स्टँडला खाली पाणी झेलणारे सुटे ताट असते. ते मूळचे आहे का, त्याला तडा आहे का, हे पाहावे. बिडाचा तडा सहजासहजी सांधला जात नाही. चिनी मातीच्या भांड्यावर बोटाने टिचकी मारावी. अखंड भांडे खणखणते, तडकलेले बद्द वाजते. बिदरीचे भांडे कितीही देखणे असले तरी ओल्या छत्रीसाठी वापरू नये. त्याचा काळा रंग आणि चांदीचे जडावकाम कोरड्या जागीच टिकते. लाकडी स्टँडला बारीक छिद्रे असतील आणि टिचकी मारताच ताजा भुसा पडत असेल, तर आत जीव आहेत. असा स्टँड घरी आणणे म्हणजे उद्या औषध फवारण्याची वेळ स्वतःहून ओढवून घेणे. तो दुकानातच राहू द्यावा. जुना रंग खरवडू नये, कारण त्यात शिसे असू शकते आणि घरात लहान मुले असतात. जुने पितळही चिंच लावून लखलखीत करू नये. त्यावर काळाने चढवलेली छटा हीच त्याची किंमत असते.

मापाचेही भान हवे. लांब दांड्याची छत्री साधारण ९० सेंटिमीटर असते. तिच्यासाठी ६० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा आणि जड बुडाचा स्टँड योग्य. उंच पण हलका स्टँड दोन छत्र्या एका बाजूला कलल्या की आडवा होतो. घडीच्या छत्र्या मात्र त्यात बुडून जातात. त्यांच्यासाठी भिंतीवर जुनी खुंटीच बरी. छत्री आधी बाल्कनीत उघडून निथळू द्यावी, मगच स्टँडमध्ये ठेवावी. तळाचे पाणी रोज रात्री ओतून ताट कोरडे करावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यातही आठवड्या-दीड आठवड्यात डास तयार होतात. आधी जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग ते मारायचे, यापेक्षा एक कोरडे फडके पुरेसे आहे. शक्य असेल तर विक्रेत्याकडून वस्तू दोन दिवस जांगड घ्यावी, त्यात पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि मगच व्यवहार पुरा करावा. पावतीवर धातू आणि अंदाजे काळ लिहून मागावा. खरा व्यापारी त्याला नाही म्हणत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. इंग्रजी अमदानीत शिकारी साहेबांनी हत्तीचा पाय कापून, आतून पोकळ करून त्याचे छत्रीस्टँड बनवले. असे नग आजही कुठे कुठे, कधी चोरून, दाखवले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पण आपल्यासाठी कायद्यापाशीच विषय संपत नाही. "प्राणी तर शंभर वर्षांपूर्वीच मेला, आता घेतल्याने काय बिघडते?" हा विक्रेत्याचा युक्तिवाद आपण स्वीकारणार का? हत्ती हे भगवान अजितनाथांचे लांछन. येथून जेमतेम ३० किलोमीटरवर वेरूळच्या इंद्रसभेच्या अंगणात आपल्या पूर्वजांनी अखंड दगडातून हत्ती उभा केला. ज्यांनी तो कोरवून घेतला, त्यांच्या वंशजांच्या दारात हत्तीचा तुटलेला पाय शोभणार नाही. पहिल्या महायुद्धातील तोफगोळ्यांची पितळी नळकांडीही छत्रीस्टँड म्हणून विकली जातात. त्यांच्या बुडावर कारखान्याची खूण आणि वर्ष ठोकलेले असते. ती घेणे बेकायदेशीर नसेलही, पण घेण्यापूर्वी घरात एकदा बोलावे. जुन्या वस्तूबरोबर तिचा इतिहासही उंबरठ्याच्या आत येतो. पाहुण्याने "हे कुठले?" असे विचारल्यावर नातवंडांसमोर न अडखळता उत्तर देता येईल, अशीच वस्तू दारात ठेवावी.

आणखी एक व्यवहाराची बाब. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे म्हणून अशी वस्तू त्याच्या सामानात बांधून देऊ नये. वस्तू त्याहून नवी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

गेल्या महिन्यात त्याच घरी पुन्हा जाणे झाले. गळका स्टँड गेला होता. त्याच्या जागी पेढीच्या माळ्यावर राहिलेला, सरळ उभट, जाड पत्र्याचा पितळी डबा होता. त्याला भोक पाडलेले नव्हते की रंग दिलेला नव्हता. तळाशी फक्त एक स्टीलची ताटली ठेवली होती. आजोबांनी त्या डब्यात कधीकाळी काय ठेवले जाई ते मला सांगितले आणि धाकटा नातू ऐकत उभा होता.

शहागंज, गुलमंडी, राजाबाजार या भागांतील किती तरी वाडे येत्या काळात रिकामे होतील. ते अटळ असेल. परंतु भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक दिवस घरातील वडीलधाऱ्यांना हात धरून त्या वाड्यात न्यावे. माळा, तळघर, ढाळज दाखवावी. वही-पेन जवळ ठेवावे आणि ते ज्या वस्तूपाशी थांबतील, तिच्याविषयी दोन ओळी लिहून घ्याव्यात. छत्रीस्टँड त्यातच मिळेल असे नाही. पण काय विकायचे आणि काय ठेवायचे, हे मग तराजूवर सोडावे लागणार नाही.