बी.कॉम. होऊन सिस्टर?

नाशिकच्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झाले आणि राज्यातली नर्सिंगची महाविद्यालये त्याला जोडली गेली. पण याच शहरात एखाद्या पदवीधर मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले, की घरचे विचारतात, ‘बी.कॉम. होऊन सिस्टर?’ या एका प्रश्नात तीन आक्षेप आहेत. तिन्ही मला साफ अमान्य आहेत.

पहिला आक्षेप: पदवीची तीन वर्षे वाया गेली. वॉर्डात काय चालते ते पाहा. ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून २० थेंबांना एक मिलिलिटर पडते. मग मिनिटाला थेंब किती? सुमारे २१. हे त्रैराशिकच आहे, आणि आकड्यांत मुरलेल्या मुलीला त्याची धास्ती वाटत नाही. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता शिरेत दिले तर हृदय थांबू शकते. रसायनशास्त्र शिकलेल्याला त्यामागचे कारण लवकर उमगते. सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेली बाई औषध अर्धवट का सोडते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला तिला न रागावता विचारता येते. शिकलेले वाया जात नसते, फक्त त्याची जागा बदलते.

दुसरा आक्षेप: वय निघून गेले. साधा हिशेब करू. एकविसाव्या वर्षी पदवी, नर्सिंगच्या पदविकेची म्हणजे जीएनएमची तीन वर्षे धरून चोविसावे. राज्य सरकारच्या नोकरीतली निवृत्ती ५८ व्या वर्षी. म्हणजे पुढे ३४ वर्षे उरतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल जर्मनीतल्या कायझर्सवर्थला शुश्रूषा शिकायला राहिली १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. गणिताचा आणि अभिजात भाषांचा अभ्यास तिने त्याआधीच केला होता. पुढे मृत्यूच्या आकड्यांवरून तिने लष्करी रुग्णालयांतली अनास्था उघडी पाडली, ती त्याच गणिताच्या बळावर.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण खरा तोच आहे: हे हलके काम. आपल्याकडे ही समजूत जुनी आहे, आणि तिच्याशी झुंजणारेही जुने आहेत. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर रमाबाई रानड्यांनी स्त्रियांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट उघडली. त्यांत विधवा होत्या, आयुष्याचे दुसरे पान उलटणाऱ्या प्रौढ स्त्रिया होत्या. म्हणजे दुसऱ्यांदा सुरुवात करणे आपल्या नर्सिंगला मुळीच परके नाही. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा. पहाटे तीनला रुग्णाचा श्वास बदललेला पहिल्यांदा सिस्टरच्या लक्षात येतो. तिने डॉक्टरांना वेळेत उठवले तर माणूस वाचतो. याला हलके काम कोण म्हणेल?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सरकारी नर्सिंग महाविद्यालयांतल्या जागा मोजक्या. पदवीधराने त्यातली एक घेतली, तर बारावी झालेल्या गरीब मुलीचे काय? मी तो टाळत नाही. म्हणूनच माझी मागणी तिच्या वाट्याला हात लावणारी नाही. पदवीधरांसाठी वेगळ्या आणि जादा जागा हव्यात.

आजचा मार्ग कसा आहे ते बघा. बारावीला जीवशास्त्र नसेल तर चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद. अशा मुलीने आधी जीएनएम करायचे, मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. बी.ए.ची तीन धरली तर बारावीनंतर आठ वर्षे. ज्या पदवीधराला थेट बी.एस्सी. नर्सिंग मिळते, तिने मानसशास्त्रात पदवी घेतली असली तरी पहिल्या वर्षी उपयोजित मानसशास्त्राचा पेपर पुन्हा द्यायचा. अमेरिकेत इतर शाखांच्या पदवीधरांसाठी साधारण दीड वर्षाच्या आत संपणारे सलग अभ्यासक्रम आहेत, ब्रिटनमध्ये दोन वर्षांचे. आपण त्यांची नक्कल करावी असे नाही. जीवशास्त्राची एक पायाभूत सहामाही द्यावी आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांना सूट द्यावी. वॉर्डातल्या सरावाचा मात्र एक तासही कमी करू नये, कारण खाटेजवळचे शिक्षण दुसऱ्या कोणत्याही पदवीत मिळत नाही.

नियम दिल्लीत ठरतात हे खरे. पण १९४७ च्या नर्सिंग परिषदेच्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. जुने नियम नव्याने तपासण्याची वेळ हीच, आणि ही मागणी म्हसरूळहून जावी.

तोवर घरच्यांनी एवढेच करावे: प्रवेशाच्या फायलीत मुलीच्या पदवीचे प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.