तिवरांची मुळे आणि सहा दिवसांची सृष्टी

रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली एक बोली अजून नांदते. पोर्तुगीज १७४० मध्ये हा मुलूख सोडून गेले. भाषा आणि धर्म मागे राहिले. अलिबाग-मुरूड पट्ट्यात दुकाने असलेल्या आपल्या कुटुंबांना ही मंडळी परकी नाहीत. मुले एकाच बाकावर बसतात आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ वाचतात. मग घरी प्रश्न येतो : बायबलात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली असे आहे, तर ख्रिस्ती मुलाने परीक्षेत उत्क्रांती लिहावी की धर्म पाळावा?

कॅथलिक चर्चपुरते बोलायचे तर त्याला दोन्ही करता येते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्पत्तीबाबत उत्क्रांतीच्या दिशेने संशोधन करण्यास मोकळीक दिली. अट एवढीच की, आत्मा मात्र थेट ईश्वर निर्माण करतो हे मानले पाहिजे. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी, हा सिद्धान्त आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे स्पष्टपणे मान्य केले. त्याआधी कितीतरी शतके संत ऑगस्टीन यांनी श्रद्धावंतांना बजावले होते की, धर्मग्रंथाचा हवाला देऊन निसर्गाविषयी अज्ञान पाजळू नका. त्याने हसे ग्रंथाचेच होते.

आपल्या किनाऱ्याचेच उदाहरण पाहा. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात होते. मुंबई इलाख्यातील खारफुटीवर त्यांनी १९०५ मध्ये निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहालयाची स्थापना केली. खाडीच्या चिखलातून श्वासासाठी वर डोकावणारी तिवराची मुळे, झाडावर असतानाच अंकुरणारे कांदळाचे बीज : परिस्थितीनुरूप जीव कसा घडतो याचे याहून बोलके पुस्तक क्वचितच सापडेल. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुखपद भूषविले. ही माणसे धर्मगुरू राहूनच निसर्ग वाचीत होती.

मग संघर्ष आहे कोठे? जे पंथ बायबलचा शब्दन् शब्द इतिहास मानतात, त्यांच्यापाशी. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलातील वंशावळ्यांची बेरीज मांडून सृष्टीचा आरंभ इ.स.पूर्व ४००४ मध्ये काढला. हिशेब चोख होता, खाते चुकीचे होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ मध्ये उत्क्रांती शिकविल्याबद्दल एका शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, तो याच वृत्तीतून.

माझ्या मते खरी गाठ सहा दिवसांची नाहीच. दिवसाचा अर्थ युग असा करता येतो. गाठ दुसरी आहे. एक प्रकारची माशी सुरवंटाच्या देहात अंडी घालते आणि तिची पिल्ले तो जिवंत असतानाच त्याला आतून खातात. दयाळू ईश्वराने असा जीव हेतुपुरस्सर निर्माण केला असेल, हे मनाला पटत नाही, अशा आशयाचे पत्र डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिले. ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ. अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच लढविली. पण ही शंका त्यांनाही पूर्णपणे फेडता आली, असे मला वाटत नाही. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला या प्रश्नाचा काटा चटकन जाणवेल.

आपल्या दर्शनात जगत्कर्ता ईश्वर नाही, जग अनादि-अनंत आहे. तेव्हा हा खटला आपल्यावर नाही, असे समाधान मानणारे पुष्कळ आहेत. ते घाईचे आहे. अवसर्पिणीत देहाची उंची आणि आयुष्य उतरत जाते, हे वर्णन जीवाश्मांच्या नोंदींशी शब्दशः जुळत नाही. ऑगस्टीनचा प्रश्न पाठशाळेच्या दाराशीही उभा आहेच. येथे अनेकान्ताचे नाव घेऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण अनेकान्त म्हणजे दोन्ही बाजूंना मान डोलावणे नव्हे. कोणते विधान कोणत्या नयाने केले आहे, हे सांगण्याचे कष्ट त्यात आहेत.

विरोध ख्रिस्ती पंथांचाच असतो असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा असल्याचे सांगितले; माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील वैज्ञानिकांनी त्याला जाहीर विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. धड्याच्या नावात फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचे दिले गेले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे. परंतु आपल्या घरांतील बहुतेक मुले दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात. केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या अशा मुलाला उत्क्रांती वर्गात पुन्हा भेटणार नाही. राज्य मंडळाचे पुस्तक मात्र बाजारात सहज मिळते. दुसरा भाग मागावा.