पडदा पोहोचला, विद्यार्थी कोठे आहे?

बीड : देशातील शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या पायाभरणीत मोलाचा वाटा असलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीने उभा केलेला प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात आजही अनुत्तरित आहे. शाळेपर्यंत पोहोचलेले तंत्रज्ञान शाळेत नसलेल्या मुलापर्यंत कसे न्यायचे, हा तो प्रश्न होय.

कोल्हापुरात जन्मलेले चिटणीस वैश्विक किरणांचे अभ्यासक. डॉ. विक्रम साराभाई यांचे ते निकटचे सहकारी होते आणि थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्राच्या जागेच्या निवडीतही त्यांचा सहभाग होता. उपग्रहाचा पहिला लाभ खेड्याला मिळावा, ही साराभाईंची भूमिका. त्यासाठी १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'शी करार झाला. १९७१ च्या अखेरीस साराभाईंचे निधन झाले. तथापि योजना थांबली नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' हा प्रयोग पार पडला. प्रा. यशपाल अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते, तर प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा चिटणीस यांच्याकडे होती.

प्रयोगाची व्याप्ती मोठी होती. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या अँटेनासह सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. रोज चार तास प्रक्षेपण होई. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखीव असे. मात्र या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याच्या सीमेपलीकडील गुलबर्गा जिल्ह्यातील निवडक खेड्यांत कार्यक्रम दिसत होते; अलीकडचा बीड जिल्हा मात्र त्यापासून वंचित राहिला. चिटणीस १९८१ ते १९८५ या काळात त्याच केंद्राचे संचालक होते. १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' अवकाशात गेल्यावर उपग्रहाधारित शैक्षणिक प्रक्षेपणात महाराष्ट्राचा समावेश झाला. त्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

'साइट'चे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे काटेकोर मूल्यमापन. मुलांच्या भाषाविकासावर अनुकूल परिणाम दिसला. पण शाळेतील पटनोंदणी व गळती यांत लक्षणीय फरक पडला नाही. बीडच्या दृष्टीने हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा ठरतो. दसरा-दिवाळीनंतर वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार आदी तालुक्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा 'कोयता' जातो आणि घरी सांभाळणारे कोणी नसल्यास मुलेही सोबत जातात. धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहुधा मोठ्या मुलीच्या वाट्याला येते. गावच्या शाळेतील संच सुरू असला, तरी ज्याच्यासाठी तो आहे ते मूल फडावर असते.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. मोबाइलची रेंज नसलेल्या घरातही दूरदर्शन उपयोगी पडू शकते, हे यातून पुन्हा अधोरेखित झाले. परंतु कोपीत वीजजोडणी नसेल, तर त्या प्रक्षेपणाचा उपयोग शून्यच.

यावर उपाय नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना हे त्या दिशेचे प्रयत्न आहेत. मूल गावात राहिले, तरच स्मार्ट वर्गावरील खर्च सार्थकी लागेल. त्यामुळे वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू होणे आणि कारखान्यावर गेलेल्या मुलांना लगतच्या शाळेत प्रत्यक्ष प्रवेश मिळणे, या दोन बाबींना नव्या संचांच्या खरेदीआधी प्राधान्य हवे.

चिटणीस यांच्या पिढीने आधी खेडे निवडले, मग त्याला साजेसे तंत्र उभारले आणि शेवटी परिणामही मोजला. आज तंत्र मुबलक आणि स्वस्त आहे. वाटलेल्या संचांची संख्या सरकारी अहवालांत सहज मिळते. हंगाम संपल्यावर किती मुले वर्गात परतली, याचा हिशेबही तितक्याच नेमाने मांडला गेला, तर त्या प्रयोगाचा धडा मराठवाड्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.